दुबईचा उन्हाळा: मे ते ऑक्टोबर घर, गाडी आणि तब्येत कशी सांभाळायची

विदर्भातून दुबईत नवीन आलेला माणूस मे महिन्यात हमखास म्हणतो, ‘एवढं काय घेऊन बसलात, आमच्या अकोल्यात ४५ नेहमीचंच.’ मे महिन्यापुरतं त्याचं खरं असतं. मुंबईचा माणूस म्हणतो, ‘घामाची आम्हाला सवय आहे.’ त्याचंही थोडंफार खरं. घोळ असा की ऑगस्टमध्ये इथे अकोल्याचा पारा आणि मुंबईचा दमटपणा एकदमच येतात आणि रात्रीसुद्धा हटत नाहीत. म्हणून इथल्या उन्हाळ्याची तयारी करताना तो एक नसून दोन उन्हाळे आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. पुढचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

कोरडा आणि ओला

मे आणि जून साधारण कोरडे. वायव्येकडून शमाल वारा सुटतो, धूळ उडते, ओठ फुटतात, धुतलेले कपडे तासाभरात कडक वाळतात. सावलीत उभं राहिलं तर बरं वाटतं, कारण घाम लगेच उडतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत दमट उन्हाळा. आखाताचं पाणी उथळ, ते या दिवसांत ३२ अंशांच्या वर तापतं आणि समुद्रावरून येणारी हवा सगळी वाफ शहरावर आणून सोडते. कमाल तापमान सरासरी ४१ च्या आसपास आणि रात्रीचं किमान ३० च्या खाली क्वचितच. पहाटे पाचला इमारतीतून बाहेर पडलात तर चष्म्याच्या काचा क्षणात पांढऱ्या होतात आणि रुमालाने पुसल्या तरी पुन्हा तशाच.

म्हणून मोबाइलवर नुसता पारा बघू नका. त्याच ॲपमध्ये दवबिंदू, म्हणजे ड्यू पॉइंट दिलेला असतो (तो जितका जास्त, तितकी हवा दमट), तो बघायची सवय लावा. पारा ४४ आणि दवबिंदू १२ असेल तर टोपी-पाण्यासकट थोडं चालता येतं. पारा ३६ आणि दवबिंदू २८ असेल तर नको. अंगावर घाम नुसता ओघळत राहतो, उडत नाही, आणि न उडणारा घाम शरीराला गार करत नाही. स्वैहानसारख्या वाळवंटातल्या ठिकाणी २०२५ च्या मे महिन्यात पारा ५१ च्या वर गेला त्याच्या बातम्या झाल्या, पण शहरात राहणाऱ्याला खरा त्रास देतात ते ऑगस्टमधले ३६-३७ अंशांचे चिकट दिवस. त्यांची बातमी कोणी करत नाही.

याच कारणाने आपल्याकडचा वाळ्याचा कूलर इथे बाल्कनीत लावायचा बेत असेल तर तो मे-जूनपुरताच ठेवा. ऑगस्टमध्ये तो फक्त ओली हवा फेकतो.

एप्रिलमध्येच उरकायची कामं

जूनच्या पहिल्या आठवड्यात एसी बंद पडला की मेकॅनिक तीन दिवसांनी येतो आणि दामदुपटीने पैसे घेतो. एप्रिलमध्ये तोच माणूस दुसऱ्या दिवशी हजर असतो. सर्व्हिसिंग करून घेताना तीन गोष्टी त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या: आतली कॉइल धुणं, बाहेरच्या युनिटवरची धूळ काढणं आणि पाणी जायची नळी साफ करणं. ही तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. उन्हाळ्यात एसीतून पाणी भरपूर निघतं. नळीत शेवाळ आणि धूळ अडकली की ते पाणी फॉल्स सीलिंगमधून थेट पलंगावर पडतं आणि तेही बहुधा रात्री दोनला. दुरुस्ती घरमालकाकडे की भाडेकरूकडे, हे भाडेकरारात लिहिलेलं असतं. तो कागद आत्ताच काढून वाचा.

फिल्टर मात्र घरीच धुवायचा. शमालच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. बाथरूममध्ये नळाखाली धरा, मऊ ब्रश फिरवा, पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

बिलाचं गणित समजून घ्या. दुबईच्या वीज-पाणी मंडळाचे, म्हणजे दीवाचे, घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात: महिन्याला पहिल्या २,००० युनिटना प्रत्येकी २३ फिल्स (फिल म्हणजे दिरहमचा शंभरावा भाग), पुढच्या दोन हजारांना २८, मग ३२, आणि ६,००० च्या वर ३८. वर इंधन अधिभार. घराच्या जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असेल तर गारव्याचा खर्च घरमालकाकडे. नसेल तर बऱ्याच इमारतींत चिलर कंपनीचं, म्हणजे इमारतीला गारवा पुरवणाऱ्या कंपनीचं, बिल वेगळं येतं आणि त्यातला एक ठरलेला आकार एसी न लावताही भरावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर घर बदलत असाल तर भाड्याच्या आकड्याआधी हे विचारा. हिवाळ्यात स्वस्त वाटलेलं घर ऑगस्टमध्ये महागात पडतं.

थर्मोस्टॅट २४ वर ठेवा, मंडळही हेच सांगतं. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र थांबत नाही. दमट दिवसांत पंखा ‘ऑन’वर न ठेवता ‘ऑटो’वर ठेवा, नाहीतर कॉइलवर साचलेला ओलावा तोच पंखा परत खोलीत ढकलतो. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड, पांढऱ्या अस्तराचे पडदे लावा आणि दुपारी बाराच्या आधी ओढा. काच एकदा तापली की ती रात्री नऊपर्यंत खोली तापवत राहते.

नळातून येणारं उकळतं पाणी

बऱ्याच इमारतींत पाण्याच्या टाक्या गच्चीवर. जूनपासून ‘गार’ नळाला जे पाणी येतं त्याने दुपारी हात भाजतो. शौचालयातल्या जेटबद्दल न बोललेलंच बरं. नव्या पाहुण्याला सूचना देऊन ठेवा.

इथले जुने रहिवासी यावर एक साधी युक्ती करतात. मे महिन्यात गिझर बंद करून टाकायचा, थेट स्विचवरून. गिझर घराच्या आत, बहुधा बाथरूमच्या छतात असतो. त्याच्या टाकीत अडकलेलं पाणी एसीच्या गारव्याने खोलीइतकं थंड होतं. मग आंघोळीला ‘गरम’ नळ सोडायचा, त्यातून गार पाणी येतं. ते जेमतेम एक-दोन बादल्या असतं, संपलं की पुन्हा टाकीचं गरम पाणी सुरू. चौघांचं घर असेल तर पहिला नंबर लावणारा सुखी. बाकीच्यांनी रात्रीच बादली भरून बाथरूममध्ये ठेवावी, सकाळपर्यंत ती निवते. लहान मुलाला नळाखाली धरण्याआधी प्रत्येक वेळी स्वतःचं मनगट पाण्याखाली धरून बघा. सकाळी सातला बरं असलेलं पाणी दुपारी दोनला तसं नसतं.

गिझर बाल्कनीत किंवा उघड्यावर असेल तर ही युक्ती चालत नाही.

दिवस कसा लावायचा

जूनच्या अखेरीस इथे सूर्य साडेपाचला उगवतो आणि सव्वासातच्या आसपास मावळतो. दहा ते पाच बाहेरचं काहीही ठेवू नका: बँक नाही, भाजी नाही, घर बघणं तर नाहीच. कोरड्या दिवसांत पहाटेची वेळ फिरायला उत्तम. ओल्या दिवसांत मात्र पहाटेच दमटपणा सर्वांत जास्त असतो, तेव्हा सकाळी उठून तळ्याकाठी पळायचा हट्ट सोडा आणि मॉलमध्ये चाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या मोठ्या मॉलनी सकाळी सात ते दहा दारं फक्त चालणाऱ्यांसाठी उघडी ठेवली होती. तसा उपक्रम नसला तरी सुपरमार्केट लवकर उघडणारा मॉल शोधला की काम होतं. आमच्या ओळखीच्या काकू कॅरमच्या डावासारखा रोजचा ठरलेला मार्ग आखून चालतात, फूड कोर्टला वळसा घालून, कारण तिथे कांदाभजीचा वास येतो म्हणे.

मेट्रो गार असते, स्टेशनचे पादचारी पूलही गार. बरेचसे बसथांबे बंदिस्त आणि वातानुकूलित आहेत, पण एसी बिघडलेला थांबा म्हणजे काचेची भट्टी, तेव्हा बसची वेळ ॲपवर बघूनच खाली उतरा. स्टेशन ते ऑफिस हे शेवटचे सात-आठशे मीटर जीव काढतात. एक मराठी कारकुनी उपाय सांगतो: ऑफिसात एक इस्त्रीचा शर्ट टांगून ठेवा, येताना टी-शर्टात या, पोचल्यावर बदला. आणि मेट्रोत चढायच्या आधी पाणी पिऊन घ्या. डब्यात खाण्यापिण्याला १०० दिरहम दंड आहे.

ऑफिसातला एसी हा वेगळाच जाच. बाहेर ४२, आत २०. खुर्चीवर एक शाल किंवा जाकीट कायमचं ठेवा. घामेजून आल्यावर थेट एसीच्या झोताखाली बसू नका, लॉबीत दोन मिनिटं काढा, मान-पाठ पुसा.

मुलांना बागेत न्यायचं तर अंधार पडल्यावर, आणि घसरगुंडीला आधी आपला हात लावून. प्लॅस्टिकची असली तरी सूर्यास्तानंतर तासभर ती तापलेली असते. उम सुकैम आणि जुमेरा भागात रात्री पोहण्यासाठी दिवे लावलेले किनारे आहेत, तिथे मुलं खुश. पाणी कोमट असेल, गारव्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

गाडी

उन्हात तासभर उभ्या गाडीत सीटबेल्टचं धातूचं टोक उघड्या दंडाला टेकलं तर चटका बसतो. मुलांच्या सीटवर म्हणूनच पांढरा पंचा टाकून ठेवा आणि बसवण्याआधी बकल हाताने तपासा. स्टिअरिंगवर ओला केलेला नॅपकिन दहा सेकंद फिरवला तरी हात ठेवण्याजोगं होतं.

आत बसून एसी फुल लावण्याची घाई करू नका. चारही काचा उतरवून मिनिटभर गाडी चालवा, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा चढवून एसी लावा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. गाडी याने दुप्पट लवकर गार होते असं नाही, पण पहिली पाच मिनिटं सुसह्य होतात.

ऑगस्टच्या पहाटे पुढची काच बाहेरून धुक्यासारखी भरते. नवा चालक एसीचा झोत आणखी काचेवर सोडतो आणि काच जास्तच भरते, कारण थंड काचेवर बाहेरची वाफ जमते. अशा वेळी झोत काचेवरून काढा, वायपर फिरवा.

बॅटरी इथे भारतापेक्षा लवकर जाते. दोन उन्हाळे काढलेली असेल तर तिसऱ्याच्या आधी तपासून घ्या. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा आणि टायरवर छापलेलं उत्पादनाचं वर्ष बघा. नक्षी चांगली दिसली तरी पाच वर्षांपुढचा टायर इथल्या रस्त्यावर नको. स्टेपनीचंही तेच.

गाडीत ठेवायचं नाही ते: लायटर, डिओडरंट आणि अत्तराचे फवारे, पॉवर बँक, औषधं, विशेषतः इन्सुलिन. आणि मूल. ‘एसी चालू आहे, दोन मिनिटांत आलो’ हेसुद्धा नाही. इथल्या वदीमा नावाच्या बालहक्क कायद्याखाली मुलांकडे दुर्लक्ष हा गुन्हा आहे, पण कायद्याचं राहू द्या. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांपर्यंत वर चढतं.

स्वयंपाकघर आणि बाल्कनी

पाणी तहान लागायच्या आधी प्या हे सगळे सांगतात. मी लघवीचा रंग बघा म्हणेन. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर कमी पडतंय. घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही जायला हवं. इथल्या दुकानांत मिळणारं लबान म्हणजे आपल्या ताकाचं जरा दाट भावंड: त्यात पाणी, सैंधव, जिरेपूड आणि आलं घातलं की मठ्ठा तयार. कोकम आगळाची बाटली गावाहून आणली असेल तर उत्तम, पण आगळ खारट असतो, रक्तदाबवाल्यांनी बेतानेच. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

जून-जुलैत ताजे, मऊ रुताब खजूर बाजारात येतात. ते फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर एका दिवसात आंबतात.

इडलीचं पीठ हा इथल्या मराठी घरांतला चर्चेचा विषय. २४ अंशांच्या हॉलमध्ये ते रात्रभरात फुगत नाही, बाल्कनीत ठेवलं तर तीन तासांत उतू जाऊन आंबट होतं. मधला मार्ग म्हणजे स्वयंपाकघराचं दार लावून, बंद ओव्हनमध्ये दिवा तेवढा लावून ठेवणं.

वाळवणाची हौस असेल तर मेचा शेवट ते जूनचा मध्य हाच काळ. कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या एका दिवसात खणखणीत वाळतात. वरून मलमलीचं कापड टाका, शमालची धूळ बारीक असते आणि दाताखाली येते. ताटं कठड्याच्या आत ठेवा. कठड्यावर काही वाळत घालणं महापालिकेला चालत नाही. जुलैत हा उद्योग करू नका, पापड्या मऊ राहतात आणि तिसऱ्या दिवशी बुरशी.

तुळस बाल्कनीत जुलै काढत नाही. खिडकीशी, एसीचा झोत थेट लागणार नाही अशा जागी आत आणा, पाणी रात्री घाला, कुंडी जाड मातीची असू द्या.

अंग काय सांगतं

डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे येणं आणि भरमसाट घाम: हा थकवा आहे, अजून आवाक्यात. गार जागी आडवं करा, पाय उंच, कपडे सैल, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागला, अंग चटका बसावं इतकं तापलं, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. कष्टाच्या कामात घामेजलेल्या माणसालाही तो होतो. ९९८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओता, ओलं कापड घालून जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसिनने हा ताप उतरत नाही.

एसी बंद पडला आणि खोली ४० च्या पुढे गेली तर पंख्याखाली बसून राहू नका. त्या तापमानाला पंखा अंगावर गरम हवाच मारतो. शेजारी जा, मॉलमध्ये जा, रात्र असेल तर मित्राकडे झोपा. यात लाजण्यासारखं काही नाही.

रक्तदाबासाठी लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका.

बाहेर राबणारे

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. मोडणाऱ्या मालकाला कामगारामागे ५,००० दिरहम दंड, जास्तीत जास्त ५०,००० पर्यंत. तुमच्याच इमारतीसमोर कोणी त्या वेळात राबताना दिसलं तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते. जेवणाची ऑर्डर घरी पोचवणाऱ्या मुलांना मात्र या बंदीचा फारसा आधार नाही. दुपारी दोनला एकट्या कॉफीसाठी अशा मुलाला मोटरसायकलवर बोलवायचं का, हा विचार आपण करायचा. बोलावलंच तर दारात गार पाण्याची बाटली हातात द्या.

गावी जाताना घर कसं बंद करायचं

शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी, त्यामुळे निम्मी मराठी मंडळी पुण्या-मुंबईचं विमान धरतात. वीज वाचवायला एसी पूर्ण बंद करून गेलात तर परत आल्यावर चामड्याचे जोडे, पट्टे, लग्नातले शालू, सगळ्यांवर हिरवट बुरशी. एसी २७-२८ वर, पंखा ऑटोवर ठेवून जा. कपाटांची दारं किलकिली ठेवा. पडदे ओढा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, फ्रिज रिकामा केला असेल तर दार उघडं ठेवून बंद करा. मंडळाच्या ॲपमध्ये घराबाहेर असतानाचा वापर कळवणारी ‘अवे मोड’ नावाची सोय आहे, ती चालू करा. वापर एकदम शून्यावर आला तर एसी बंद पडलाय असं समजून किल्ली असलेल्या मित्राला पाठवता येतं.

गाडी तळघरात लावा. उघड्यावर दोन महिने धूळ खात पडलेल्या गाडीला महापालिका नोटीस लावते आणि नंतर ५०० दिरहम दंडही करते. कोणीतरी आठवड्याला वीस मिनिटं चालवणार असेल तर ठीक, नाहीतर बॅटरीची ऋण बाजूची तार काढून जा.

परत आल्यावर सगळे नळ पाच मिनिटं मोकळे सोडा, मग पाणी वापरा.

ऑगस्टच्या शेवटी पहाटे दक्षिणेला सुहेल तारा दिसू लागला की इथले अरब उन्हाळा ओसरला म्हणतात. आपला अगस्ती तो हाच. त्याच्यावर विसंबून लगेच खिडक्या उघडू नका. दमटपणा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. आई-बाबांना बोलवायचं असेल तर तिकीट दिवाळीनंतरचं काढा आणि परतीचं मार्च संपण्याआधीचं.